निकाल शून्य

टोर्सहावनला रात्रीचे दोन वाजलेत
आणि सुन्वर अजून त्या एका ओळीशी
हुज्जत घालतेय.

हाताने टाइप केलं की नाव सापडतं:
रानवा, मासे खारवणारी, क्लाक्सविकचं बंदर.
तेच नाव प्रोग्राममधून पाठवलं
की सभ्य उत्तर: दोनशे, सगळं ठीक.
निकाल शून्य.

चूक दाखवली असती तर बरं.
चुकीला निदान लाल अक्षरं असतात.

अवतरणं काढून झाली,
मोकळ्या जागी टक्का-वीस घालून झालं,
हानुसला फोनने उठवलं. तो म्हणाला, झोप.

मग तिने नाव सोललं, एकेक अक्षर.
दिसत होती सहा,
निघाली सात.
शेवटच्या आ-वरची तिरकी रेघ
अक्षराची नव्हतीच,
मागून आणून टेकवलेली,
काना राहिला म्हणून कुणी नंतर द्यावा तशी.

डोळ्याला दोन्ही सारखीच.
यंत्र बघत नाही, मोजतं.

तिने रेघा चिकटवणारी एक ओळ लिहिली.
पाठवलं.
निकाल चार.

चार रानवा, चारही मासे खारवणाऱ्या.
सुन्वरने थंड कॉफी जवळ ओढली.
तिला एकच हवी होती.