तेवीस ओळी

टर्मिनल उघडायला चार सेकंद.
मोजले मी.
क्लाक्सविकच्या बंदर-कचेरीत, पहाटपाळीला, कॉफीच्या आधी,
काळ्या चौकटीत कर्सर नुसता उभा,
दारात येऊन
कुणाकडे आलो ते विसरलेल्या माणसासारखा.

चार सेकंद म्हणजे काही जन्म नव्हे.
पण दिवसातून चाळीसदा उघडते मी ते,
आणि बाहेर फेरीबोट भोंगा देत असली
की तेवढेही अंगावर येतात.

म्हणून आज ती फाइल उघडली.
प्लगिन-मॅनेजरची यादी: तेवीस ओळी,
दर ओळीमागे एक उसनवारी.
एक जण माझी चुकलेली कमांड लाल करून दाखवतो.
एक जण, मी दोन अक्षरं टाइप करते न करते
तोच कालचं अख्खं वाक्य करड्या अक्षरांत पुढे धरतो,
परीक्षेत मागच्या बाकावरून कुजबुजणाऱ्या मुलीसारखा.
एक काय करतो, देव जाणे.
तो एका हिवाळ्यात आणला होता,
बोगदा बंद होता आणि घरी जाता येत नव्हतं.

कुणी लिहिलं हे सगळं?
पोर्तो अलेग्रेचा एक विद्यार्थी,
देगूची कुणी नर्स, रात्रपाळी संपल्यावर.
घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणारी माणसं,
आणि मी इथे, अटलांटिकच्या मधोमध,
आयत्या पिठावर रेघोट्या ओढत बसलेली.
'अपडेट' म्हटलं
की मॅनेजर एका दमात बावीस दारं ठोठावतो.
तेविसावं इथलंच, याच डिस्कवरचं.
त्याला कुणी विचारत नाही.

एकेक ओळ काढत गेले.
काढली, मोजलं.
काढली, मोजलं.
विद्यार्थी निर्दोष.
नर्स निर्दोष.
त्या हिवाळ्यातला तो, देव जाणे काय करणारा,
तोही निर्दोष, आणि तरी निरुपयोगी. गेला.
चार सेकंद जागचे हलेनात.

राहिली त्रोंदुरची ओळ.
माझ्या आधी या खुर्चीत त्रोंदुर बसायचा.
आता खाडीपलीकडे, भावाच्या सॅमन-पिंजऱ्यांवर.
जाताना मला एवढंच देऊन गेला:
टर्मिनल उघडलं की प्लगिन बंधाऱ्यावरच्या खांबाला विचारणार,
वारा किती?
आणि आकडा कोपऱ्यात लिहिणार.
बंधारा रुंद करताना खांब काढला, गेल्या शरदात.
आकडा यायचा थांबला, माझ्या लक्षातही आलं नाही.
प्लगिन मात्र विचारतच राहिलं.
विचारायचं, साडेतीन सेकंद वाट पाहायचं,
आणि कुरकूर न करता बाजूला व्हायचं.

फोन केला. फोनभर वारा.
"अजून चालतं ते?"
"चालत नाही. थांबतं."
तो हसला. "मग काढून टाक, सुन्नुवा.
मी माझ्याकडचं कधीच काढलं.
वारा कळायला आता टोपी पुरते मला."

इतका वेळ मी कुणाची तरी ठेव सांभाळत होते
असं मला वाटत होतं.

काढली नाही. ओळीच्या आधी एक हॅश ठेवला:
दोन उभ्या काड्या, दोन आडव्या,
मेंढ्यांच्या कुंपणाचा तुकडा जसा.
शेल आता त्या ओळीला वळसा घालून जातो.
उघडून पाहिलं. पापणी लवायच्या आत
कर्सर समोर हजर, पाय आपटत,
बोला, काय करू?

मग साफसफाईची कमांड दिली.
मॅनेजर म्हणाला, एक फोल्डर कुणाच्याच कामाचं उरलं नाही.
पुसू? हो की नाही?

आता थांबायची पाळी त्याची.
खिडकीबाहेर कस्टम्सचा झेंडा
ताठ, ईशान्येकडे.
नॉर्दुरोयावरून कुणीतरी दोर फेकला, तो पाण्यात पडला,
पुन्हा फेकला.
किती सेकंद गेले ते मोजलं नाही.

'नाही' दाबलं.
कॉफी अजून व्हायची होती.