सहाव्या ठोक्याला

मरोळ गावठाणात, चर्चच्या मागच्या हॉलमध्ये,
महिन्यातल्या तिसऱ्या शनिवारी
बॅडमिंटनच्या पुसट रेघांवर आम्ही दोन रांगा धरतो.
समोरासमोर. मध्ये दोन हातांचं अंतर.

हर्मिनाबाई रुमाव आता स्टेजवर चढत नाहीत,
गुडघा नको म्हणतो.
पंख्याखाली उभ्या राहतात,
एका हातात माईक, दुसऱ्यात पत्ते :
जुन्या लग्नपत्रिका कापून केलेले,
पाठकोऱ्या बाजूवर पेन्सिलीने लिहिलेले नाच.

'कोणाचा हात कोणाच्या हातात, ते मला विचारायचं नाही.
उजवा की डावा, एवढंच विचारा.'

आधी चालून दाखवतात, वाजपाशिवाय.
साकीनाक्याचा कुरिअरवाला पोरगा,
चपला काढून मोज्यांवर आलेली दातांची डॉक्टर,
आणि देवरुखकर, ज्यांचे दोन्ही हात डावे.
त्यांच्या मनगटाला बाईंनी एकदा लाल दोरा बांधला :
'हा उजवा. अंघोळीला काढू नका.'

मग मान्वेलचं व्हायोलिन, त्याच्या भाचीचं घुमट,
आणि बाईंचा आवाज,
मोठा नाही, फक्त वेळेवर.

मला शिकवताना म्हणाल्या :
मोजायचे आठ, पण बोलायचं सहाव्याला.
आठव्याला बोललीस तर उशीर.
चौथ्याला बोललीस तर बिचारे ऐकतात,
लगेच वळतात, आणि डोक्यावर डोकं.
कान तिथल्या तिथे ऐकतो गं,
पाय मुंबईतला आहे,
सिग्नल लागून येतो.

एकतीस वर्षं त्यांनी एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडले.
'जोडून द्यायचं आणि बाजूला व्हायचं.
ऐकत बसलं की नोकरी गेली.'

तसंच करतात इथेही.
पहिल्या फेरीत अख्खं वाक्य :
उजवे हात धरा, फिरा, जागेवर या.
तिसऱ्या फेरीत 'उजवे'.
पाचव्यात नुसता माईकजवळ श्वास.
मग तोही नाही.
आणि आम्हाला वाटत राहतं
की आपल्याला नाच येतो.

गेल्या शनिवारी पत्ता माझ्या हातात दिला.
पाठीवर कुणा इग्नेशस आणि फ्लोराचं
अर्धं कापलेलं आमंत्रण.
मी सहाव्याला बोलले. अगदी सहाव्याला.
'डावे.'
हवं होतं उजवे.

चाळीस माणसं डावीकडे वळली, निमूट.
मला भीती वाटली ती चुकीची नाही,
त्या निमूटपणाची.
एकटे देवरुखकर
लाल दोऱ्याचा हात पुढे करून उभे,
भर रांगेत, खांबासारखे.
त्यांना आदळून कुणी हसलं,
कुणी हात बदलला, त्याला बघून शेजारच्याने,
आणि चूक
रांगेच्या टोकापर्यंत जाऊन
दारातून बाहेर पडली.

मी बाईंकडे पाहिलं. काय करू?
त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.
व्हायोलिन चालूच होतं.

टोकाला पोचलेली जोडी एक फेरी थांबते,
नुसती उभी, टाळीही न देता,
मग तोंड फिरवून परत आत.
कुरिअरवाला तिथे एकटाच थांबला होता;
डॉक्टरीणबाईंना फोन आला होता, दाढ कुणाची तरी.
हर्मिनाबाईंनी चष्मा खुर्चीवर ठेवला,
भिंतीच्या आधाराने गेल्या,
त्याच्या समोर उभ्या राहिल्या.

पुकारणारीला जोडीदार नसतो
हे त्यांनीच मला सांगितलेलं.

फेरी संपत आली.
हात अर्धा उचलून त्यांनी माझ्याकडे पाहिलं,
हजार वेळा स्वतः पुकारलेल्या नाचात :
'सांग की. उजवा की डावा?'

मी सांगितलं.
सातव्याला.