देअरफोर

सात वीसचा तास. सात बावीसला मी हजेरी घेते,
तेवीस वर्षं घेते आहे.
"अभिनंदन," मी म्हणते,
आणि वर्गात कुणीच काही बोलत नाही.
पोरं हसतात. घाईनं आडनाव जोडते: चौगुले.
लाल शाई. पुढचा नंबर.

"एकाही दिवशी आलेला नाही हा मुलगा,"
विभागाच्या बैठकीत मीच सांगितलं,
चहात बिस्किट बुडवत.
मागच्या दारानं उशिरा कोण शिरतं
ते मला दिसत नसे, माझं तोंड फळ्याकडे.
पंच्याहत्तर टक्क्यांखालची यादी लागली,
घरी पत्र गेलं, पालकांनी समक्ष भेटावे,
आणि मग तो खरंच यायचा थांबला.

हे कळलं वहीमुळं.
शेवटच्या बाकाच्या खणात गणपामामांना झाडताना सापडली.
इचलकरंजीच्या कुठल्याशा सूतव्यापाऱ्याचं जुनं कॅलेंडर
उलटं करून घातलेलं कव्हर.
आत माझे तास. माझेच, तारखांसकट,
इंग्रजी कानावर पडलं तसं देवनागरीत:
फॉर एव्हरी एप्सायलन, देअर एक्झिस्ट्स, सच दॅट.
'सच'खाली रेघ ओढलेली,
तेवढं तरी खरं असेल म्हणून.

आणि प्रत्येक पान 'देअरफोर'नं सुरू.
म्हणून. म्हणून. म्हणून.
कशामुळं, ते सात छप्पनच्या आधी होऊन गेलेलं.

छप्पन हा आकडा मला दुसऱ्या दिवशी मिळाला.
तास सहकाऱ्याला देऊन सीबीएसवर जाऊन बसले.
शिरोळकडची पहिली गाडी पावणेआठला लागली,
उसाच्या ट्रॉल्यांमागून रांगत आलेली,
काचांवर दव.
खिडक्यांतून आधी दप्तरं, मग दारातून पोरं.
माझ्या वर्गातली चार निघाली. चार!
दाभोळकर कॉर्नरकडं पळत सुटली,
एकीची चप्पल निसटली, ती हातात घेऊन पळाली.
मी रिक्षानं मागं. वर्गाच्या दारात सात छप्पन.
माझ्या पुस्तकात त्या ओळी लालभडक.

वेळापत्रक समिती म्हणाली, खोल्या नाहीत.
बरोबर आहे, खोल्या नाहीत.
मग मी हजेरी शेवटी घ्यायला लागले, एवढंच.
आणि आठ वाजता फळा पुसून
पुन्हा पहिल्या ओळीवर, मराठीतून, एकदा.
देवयानी इंगवले कुरकुरली, "हे झालंय, मॅडम."
"तुझं झालंय," म्हटलं.
यावर कुणी शोधनिबंध लिहावा असं काही नाही.

फोन लागला तेव्हा पाठीमागं माग चालू होते,
खटाक-खट, खटाक-खट.
"कोण? मॅडम? थांबा, भाईर येतो."
बाहेरही तोच आवाज.
बोलायचं बरंच ठरवलं होतं. विचारलं एवढंच:
वही न्यायची नाही का?
"तुमच्यापाशी हाय व्हय? मला वाटलं गेली."
मग बराच वेळ नुसता माग.
"पत्र मीच वाचून दाखवलं बाबास्नी.
हजरच न्हाईस तर फी कशाची, म्हणाले.
मी हुतो की, मॅडम."
"होतास," मी म्हणाले.
तेवीस वर्षांत पहिल्यांदा
कुणाची हजेरी फोनवर लावली, दोन महिने उशिरा.

बुधवारी येतो म्हणालाय, पाळी बदलून मिळाली तर.
एकोणीस नंबरची गुलनार मुजावरही
येते म्हणाली होती. तिचा फोन आता लागत नाही.
तिचा रकाना मी मोकळा ठेवते, लाल करत नाही.
त्यानं काय होतं, ठाऊक नाही.

वही टेबलावर आहे.
प्रत्येक देअरफोरच्या वर चार बोटं जागा कोरी,
त्यानंच सोडलेली, मागाहून भरू म्हणून.
तिथं पेन्सिलीनं, खोडता येईल असा,
मी एक शब्द लिहीत बसलेय पानोपानी,
आमची प्रत्येक सिद्धता जिथून सुरू होते तो:
समजा.