पांढऱ्यावर काळं

वादळ नव्हतं. हे आधी सांगते,
कारण दक्षिणेतून फोन करणारे सगळे
तेच धरून चालतात.
वारा पडलेला. पूर्वी घरांना
सीलच्या आतड्याची खिडकी असायची, तसा पातळ ढग,
त्यामागून सगळीकडून सारखाच उजेड.
खाली बर्फ, वर तेच. मधे शिवण नाही.

मी रेडिओसमोर होते.
दोन वाजून दहा मिनिटांनी ल्यूक आर्सेनो म्हणाला,
"आठशे फूट. उलुरिआक, गाव पुसून टाकलंस की काय?"
आहे जागेवर, मी म्हटलं. चहा टाकलाय.

गावामागची बोडकी टेकडी आठशे वीस फूट.

विमानात कांदे, लहान मुलांचे लंगोट,
तीस डझन अंडी, स्नोमोबाइलचे दोन पट्टे,
माझ्या आईचा नवा चष्मा,
आणि सुट्टीवरून परतणारी नर्स, मोरा पेनी.

मोरा सांगते, आम्ही आपटलोच नाही.
स्की कधी टेकल्या कळलं नाही.
पंखे फिरत होते, ल्यूक अजून चालवत होता,
आणि वेगाचा काटा शून्यावर.
थोडा वेळ ते दोघं
जमिनीवर बसून उडत होते.
मग डावा पंख कशाला तरी अडला. रेडिओ मेला.

ल्यूक उतरला, कुठे आहोत तेवढं बघायला.
दार लोटून घे, म्हणाला.
तिनं त्याला चालताना पाहिलं,
आधी पाय दिसेनात, मग तो.
ती पत्र्यावर हात आपटत राहिली.
वारा त्यानंतर सुटला.

आकुमालिकला तो दुसऱ्या दिवशी सापडला,
विमानापासून चाळीस पावलांवर,
विमानाकडे पाठ करून बसलेला.
म्हातारा बर्फावरच्या वाऱ्याच्या रेघा
बुटाच्या तळव्यानं वाचतो.
डोळे मिटून गेलो, म्हणाला,
उघडे ठेवले असते तर मीही चुकलो असतो.

अंडी चारच फुटली.
चष्म्यावर ओरखडा नाही. आई तो घालत नाही.

चौकशीवाले आले. भली माणसं, बूट दाराबाहेर काढणारी.
दृश्यमानता शून्य, त्यांनी लिहिलं.
मी म्हटलं, नीट लिहा.
मला माझी नखं दिसत होती,
खांबावरचा गंज दिसत होता.
दिसत नव्हती ती सावली.
त्यांनी मान हलवली,
आणि पांढऱ्यावर काळं झालं ते वेगळंच.

आता ऑक्टोबर लागला की
कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांत आम्ही दगड भरतो.
धावपट्टीच्या दोन्ही कडांना, आणि टेकडीवर,
पार माथ्यापर्यंत.
पोरं कंटाळतात, अर्ध्यावरून पळतात.
निम्म्या पिशव्या वारा गाडून टाकतो;
मी फावडं घेऊन जाते.

नवा पायलट म्हणाला,
वरून तुमच्या पिशव्या अक्षरांसारख्या दिसतात.
काय वाचतोस? मी विचारलं.
वाचत नाही, म्हणाला.
त्यांच्या खाली जात नाही, इतकंच.