घसारा

डुलुथला जानेवारीत नळ फुटतात,
तसा वर्नर कोस्केलाच्या डोक्यावरचा फुटला,
पहाटे, तो बेकरीत पाव भाजत असताना.
तळघरातली खोली. पाणी गुडघाभर.
वर तरंगत होता घरात घालायचा एकच बूट.

फोनवर मी, विमा कंपनी, दावे विभाग.
म्हटलं, भिंती घरमालकाच्या, नळही त्याचाच.
तुमचं काय गेलं तेवढं सांगा:
वस्तू, वय, किंमत. तीन रकाने.

तो म्हणाला, महिन्याचे चौदा डॉलर
पाण्यातच जातायत असं मी धरून चाललो होतो.
आता पाणीच आलंय, तर बघू.

गादी, नऊ वर्षं.
जाड कोट, मागच्याच हिवाळ्यातला.
कॉफीचं भांडं... ते वाचलंय, लिहू नका.
अकॉर्डियन. भाता फुगलाय मेल्या मेंढीसारखा.
वय? माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठं.
मी घसारा वजा करत गेले,
गादीचा, कोटाचा, रेडिओचा.
तो म्हणाला, माझाही काढून बघा एकदा.
हसला, मग बराच वेळ खोकला.

मग म्हणाला, शिलाई मशीन.
हिरवं, पायाने चालणारं, खिडकीखाली.
वय त्याने महिन्यासकट सांगितलं.
पावती नव्हती. फोटो पाठवला, जुना:
खिडकी, आणि खाली लिनोलियमवर
चार खोल खुणा.
विचारावंच लागतं, म्हणून विचारलं:
नुकसानीच्या दिवशी वस्तू घरात होती?

पलीकडे पाणी उपसणारा पंप ऐकू येत राहिला.
हेल्मी घेऊन गेली, तो म्हणाला. अकरा वर्षं झाली.
त्या जागी मी दुसरं काही ठेवलं नाही,
त्यामुळे मला...
खोडते, मी म्हटलं.
खोडा. खोटं नको.

आणि समोरच्या खोलीतला पोरगा?
त्याची पुस्तकं मी जिन्यावर वाळत घातलीत,
एकेक पान सुटं करत.
त्याच्याकडे विमा नाही.
दोन-चार माझ्या नावावर बसतील?
नाही बसणार.
वाटलंच, म्हणाला.

पहिले पाचशे त्याचे, पुढचे आमचे.
सोळाशे बारा डॉलरचा चेक निघाला.
त्याने आधी बूट घेतले, हे कळलं,
कारण पावती आली. बुटांची मी मागितली नव्हती.

त्या संध्याकाळी माझ्या भाड्याच्या दोन खोल्यांत
मी फोटो काढत हिंडले,
जसं दिवसभर लोकांना सांगते तसं:
कपाटं उघडून, ताटल्या, स्वेटर,
रेडिएटरवरचे मोजे,
टीव्हीच्या पाठीवरचा नंबर.
खालचा खण अडकला होता.
ओढला. दोनदा ओढला.
मग बंद होता तसाच काढला.