एकशे एकसष्ट पायऱ्या

वाल्पाराइसोत टेकडीची लिफ्ट मार्चपासून बंद.
'दुरुस्ती चालू' ही पाटीसुद्धा आता गंजली.
एदुविनाला घरी जायचं तर
एकशे एकसष्ट पायऱ्या. वय अठ्ठ्याहत्तर.

पहिल्या महिन्यात ती तीनदा बसायची:
निळ्या दारापाशी, मोडक्या नळापाशी,
आणि तो लंगडा पिवळा कुत्रा झोपतो तिथे.
काळीज कानात वाजायचं,
कांद्यांची पिशवी बोटांना कापायची.

दवाखान्यातला लाउतारो म्हणाला,
मांडीतलं मांस न सांगता घर सोडतं, आजी,
भाडं थकलेल्या बिऱ्हाडासारखं, रात्रीतून.
काम दिलं तर थांबतं.
कधीकधी परतही येतं.

मग खुर्ची. हात छातीवर. ऊठ, बस, ऊठ.
चौथ्या खेपेला तोंडातून शिवी निघाली,
दर्यावर्दी नवऱ्याची, अस्सल;
लाउतारोने ती वहीत टिपली नाही.
वाळू भरलेल्या दोन बाटल्या
सोमवारी, गुरुवारी,
आणि पायऱ्या रोजच्या रोज.

नवल काही घडलं नाही.
गुडघा कुरकुरतो. रक्तदाबाची गोळी तीच आहे.
पण झोप पहाटेपर्यंत टिकते,
आणि परवा मोरीत पाय सटकला तेव्हा
दुसरा पाय तिच्याही आधी
जागा झाला.

निळं दार आता मागे पडतं,
नळही.
कुत्र्यापाशी मात्र ती अजून बसते,
श्वास मुळीच चढलेला नसताना.
त्याला सवय झालीय;
आणि कांद्यांच्या पिशवीत हल्ली
एक हाड असतं.