तोंड कोणत्या दिशेस

नगरपरिषदेचा छापील तक्ता घेऊन निघाले.
मे महिना. साडेआठलाच ऊन
दगडी दरवाज्याच्या खिळ्यांना लागलेलं.
रकाने नऊ: पुतळा कोणाचा, धातू की सिमेंट,
चौथऱ्याची उंची, कठडा आहे का,
तोंड कोणत्या दिशेस,
आणि सगळ्यात शेवटी, बोटभर रुंद, शेरा.

सोबत शिपाई हिलाल. त्याच्या टेपचा
पहिला इंच तुटलेला,
म्हणून प्रत्येक मापातून एक वजा करायचा,
आणि हे त्याला दर वेळी आठवून द्यायचं.

सराफ गल्लीत पहिला. अर्धपुतळा.
चष्मा खरा, कुणीतरी बसवलेला, एक काच गेलेली.
पितळी पाटी कुणी काढून नेली,
स्क्रूंची चार भोकं तेवढी जागेवर.
सोनाराला विचारलं, कोणाचा हो?
तो म्हणाला, मॅडम, आम्ही लहानपणापासून
"ह्यांच्यापाशी भेटू" एवढंच म्हणतो.
मी लिहिलं: ह्यांचा.
हिलाल हसला, तेव्हा खोडलं.

पुढं एका कापूसवाल्या शेटनं
बायकोच्या नावे बांधलेली पाणपोई.
संगमरवरी गायमुखातून आता
मोबाइलच्या दुकानाच्या वायरी बाहेर येतात.
"सौ." वाचता येतं. बाकी बाई चुन्याखाली.
पाणपोई पुतळ्यांत धरावी का,
तक्ता काही सांगत नाही.
मी जरा वेळ उभी राहिले,
तहान लागली होती म्हणूनही.

मग भाजीबाजार, बोरीच्या पुलाच्या अलीकडं.
दामूअण्णा, बेचाळीसचे. पूर्णाकृती, हात उंच.
रस्ता रुंद झाला तेव्हा क्रेननं उचलले,
ठेवताना फिरले,
तेव्हापासून त्यांचं भाषण
जिनिंगच्या बंद भिंतीपुढं चालू आहे.

चौथऱ्याच्या सावलीत लिंबं मांडून एक म्हातारी.
हिलालनं टेप लावली तशी उठलीच:
"काय मोजी ऱ्हायनात मना बापले?"

येसाबाई झिपरू. तिनं सांगितलं ते असं:
अण्णांचा फोटो एकच होता, तोही गळ्यापर्यंत.
शिल्पकार बाहेरगावचा. त्याला खांदे हवे होते,
पोट, पाय हवे होते.
जिनच्या मालकानं आपला हमाल दिला, झिपरू,
कापसाची गाठ एकटा पाठीवर घेणारा.
अकरा दिवस तो जिनच्या आवारात
पालथ्या घमेल्यावर उभा, हात वर धरून.
रात्री हात खाली येईना,
ही आठ वर्षांची पोर तेल चोळायची.

"मुंडकं सरकारनं," ती म्हणाली,
"मानना खाले बठा मना बाप शे."

मी पाहिलं. डाव्या पायाचा अंगठा
बाकीच्या बोटांशी भांडून बाजूला झालेला,
पोटरीत गाठ, वकिलाच्या पोटरीत नसते तशी.
पंधरा ऑगस्टला हार पडतो
नेमका हद्दीवर, गळ्यात.
पण फुलं लोंबतात छातीवर,
आणि छाती झिपरूची.

तोंड फिरलं त्याचं वाईट वाटतं का, विचारलं.
ती लिंबांवर पाणी शिंपडत राहिली.
"वाईट कसानं? बरं जयं.
अकरा दिननी मजुरी बाकी शे जिनवर.
हात वर करीसन मांगी ऱ्हायना तो."

हिलाल टेप गुंडाळायचा थांबला.
भिंतीवर कधीचा उडालेला चुना,
आत पिंपळ, कुलूप, कोणी नाही.
मी वर बघितलं. खरंच,
भाषणाला बोटं इतकी उघडी कशाला लागतात?

पुतळा कोणाचा, तिथं ओळ एकच.
दामूअण्णा लिहिलं; साहेब खाडाखोड चालवून घेत नाहीत.
दिशेच्या रकान्यात पश्चिम लिहायचं होतं,
लिहिलं गेलं: जिनकडे.
शेरा: अंगठा पाहावा.

येसाबाईनं दोन लिंबं दिली. पैसे घेतले,
सुट्टे नव्हते म्हणून तिसरंही दिलं.

उंची सात फूट चार, हिलालनं ओरडून सांगितली.
इंच वजा करायचा राहिला.
मी आठवण केली नाही.